अडतिसाव्या मिनिटाची रेघ

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत पाच माणसं जमायची आणि दोन तास एकमेकांची घड्याळं बघत बसायची. बस, एवढंच. "घड्याळात बघायचं ते काय? वेळ," असं चष्मेवाल्याची बायको एकोणीस वर्षं म्हणत आली होती, आणि एकोणीस वर्षं न चुकता चहाचा ट्रेही वर पाठवत आली होती.

खोली साधी. मधोमध टेबल, त्यावर जाड हिरवं कापड, म्हणजे हातातून घड्याळ निसटलं तरी लाकडावर आपटू नये. भोवती पाच खुर्च्या, पाचही निरनिराळ्या घरांतून हाकललेल्या. ऊन थेट आत येणार नाही अशी एकच मोठी खिडकी. ती बघूनच मास्तरांनी ही खोली पसंत केली होती. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ही बैठक त्यांनीच सुरू केली. बाकीच्यांत एक वकील, ते गप्प बसले की तब्येत बरी नाही असं समजायचं. एक बेकरीवाला, तो वर येण्याआधी खालच्या नळावर तीनदा हात धुवायचा, तरी नखांत पीठ राहायचंच. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, पन्नाशीच्या, तरी बैठकीत सगळ्यांत लहान. आणि पाचवा घरमालक चष्मेवाला.

दाराशेजारी एक चौकट टांगलेली होती. तिच्यात मास्तरांच्या वळणदार अक्षरात नियम लिहिलेले होते. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावायचा नाही. हातात घ्यायचं तर आधी आपलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून बशीत ठेवायची, म्हणजे ओरखडा उठत नाही. किंमत विचारायची नाही. चौथा नियम लांबलचक होता: दुसऱ्याच्या घड्याळातला दोष त्याने विचारल्याशिवाय सांगायचा नाही, विचारलाच तर एकदाच सांगायचा, एकट्याला सांगायचा आणि खरा सांगायचा.

हा चौथा नियम ही मंडळी डोळ्यांत तेल घालून पाळायची. वकिलांनी एकदा मोठ्या थाटात एक जुनं घड्याळ आणलं. त्याचे काटे दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाचे आहेत हे चौघांनाही पहिल्याच नजरेत दिसलं. चौघंही तीन वर्षं मूग गिळून बसले. मग कधीतरी वकिलांना स्वतःलाच शंका आली, त्यांनी जिन्यात मास्तरांना गाठून विचारलं, मास्तरांनी तिथल्या तिथे खरं ते सांगितलं. पुढच्या महिन्यात वकील दुसरं घड्याळ घालून आले आणि पहिल्याचं काय झालं हे कोणीही विचारलं नाही. बाहेरचं जग ह्याला काय म्हणत असेल ते असो. त्या खोलीत ह्याला सभ्यता म्हणत.

आता चष्मेवाल्याचं सांगतो. ह्या माणसाची नजर भारी तीक्ष्ण. काचेवरचा केसाएवढा चरा तो हात फिरवायच्या आधी ओळखायचा. मास्तर नव्या माणसाला सांगायचे, "आमच्यात डोळा एकच. बाकी आम्ही सगळे नुसते बघणारे." असं म्हटलं की चष्मेवाला खाली मान घालून चष्म्याची काडी पुसायचा, पण त्याचा पुढचा अख्खा आठवडा सुखात जायचा. आयुष्यात त्याला मिळालेली हीच एक पदवी होती, आणि तिला तो जिवापाड जपत होता.

पहिल्या बैठकीला, एकोणीस वर्षांपूर्वी, मास्तरांनी आपल्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून आधी त्याच्याच हातात दिलं होतं. साईसारखी पांढरी डायल, बारीक काळे आकडे, कडेने मिनिटांच्या साठ रेघा. चष्मेवाल्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बाराच्या आकड्यापासून एकेक रेघ बघत निघाला. सातच्या आकड्यापुढच्या तिसऱ्या रेघेवर तो थांबला. अडतिसावं मिनिट. ती रेघ पायथ्याशी किंचित जाड होती, अर्ध्या केसाएवढी. ब्रश तिथे उचलला गेला होता आणि पुन्हा टेकवला गेला होता.

छापलेली रेघ अशी चुकत नाही. म्हणजे ही डायल मूळची नव्हती, मागाहून कोणीतरी हाताने रंगवली होती. घड्याळाच्या नादातल्या माणसाला हे मोठंच वैगुण्य. मूळची डायल डागाळलेली, पिवळी पडलेली असली तरी ती मिरवतात, आणि रंगवलेली कितीही देखणी असो, तिचं नाव निघालं की घसा खाकरतात. विकणाऱ्याने मास्तरांना गंडवलं, असं चष्मेवाल्याला वाटलं. त्याचबरोबर असंही वाटलं, की रंगवणारा जो कोणी होता त्याच्या हाताला तोड नाही. साठांपैकी एकोणसाठ रेघा छापल्यासारख्या. हे त्याला अगदी मनापासून सांगावंसं वाटलं. पण रंगवणाऱ्याचं कौतुक करायचं म्हणजे रंगवलंय हे सांगणं आलं, आणि नियमाची शाई अजून वाळायची होती.

त्याने मान वर केली तेव्हा मास्तर त्याच्याकडेच बघत होते.

"बघून झालं?"

"झालं. सुंदर आहे," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याने घड्याळ परत दिलं.

त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत ते घड्याळ कितीदा तरी त्याच्या हातात आलं. दर वेळी तो आधी अडतिसावी रेघ बघायचा. जुन्या ओळखीच्या माणसाच्या गालावरचा तीळ बघावा, तसं. मास्तरांनी कधी विचारलं नाही, ह्याने कधी सांगितलं नाही.

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम गेले नाहीत, दोन वर्षं घेतली त्यांनी. डोळ्याचा पडदा मधोमध सुकत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट व्हायचं. माणूस आला हे कळायचं, कोण ते कळायचं नाही. चष्मेवाल्याने नंबर बदलून पाहिले, जाड काचा दिल्या, हातात धरायचं मोठं भिंग दिलं. शेवटच्या तपासणीत मास्तरांनी भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ घडाघडा वाचली आणि म्हणाले, "खूश होऊ नकोस. पाठ आहे मला." चष्मेवाल्याने काचा खणात ठेवल्या. आता दुकानातली एकही काच मास्तरांच्या उपयोगाची नव्हती, हे दोघांनाही समजलं.

त्यानंतर महिनाभराने, एका मंगळवारी दुपारी, मास्तरांची भाची त्यांना दुकानात बसवून औषधं आणायला गेली. मास्तर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी नुसतं मनगट चोळलं.

"दुकानात कोणी आहे?"

"नाही. तुम्ही आणि मी."

"मग आज विचारतो. चौथा नियम." त्यांनी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "ह्याची डायल मूळची आहे का?"

एकोणीस वर्षं चष्मेवाला ह्या प्रश्नाची वाट बघत होता म्हणा किंवा त्याला भीत होता म्हणा, दोन्ही खरं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे त्याने पाहिलं. मास्तरांची नजर त्याच्या कानाशेजारच्या रिकाम्या जागेवर होती, कारण हल्ली कडेनेच काय ते दिसायचं. ह्या माणसाचे डोळे गेले. आता हे एक घड्याळ उरलंय, तेही ह्याच्याकडून काढून घ्यायचं? आणि खरं सांगायचं तर मनाच्या तळाशी थोडा भित्रेपणाही होता. आता दोष सांगितला तर तो दिसला कधी, हेही सांगावं लागणार होतं.

"मूळची आहे, मास्तर."

"भिंग लावून सांग."

त्याने भिंग लावलं. रेघ होती तिथेच होती.

"मूळचीच. खात्रीने सांगतो."

मास्तरांनी हात पुढे करून घड्याळ घेतलं. पट्ट्याच्या भोकात बकलाची काडी जाईना. चष्मेवाला मदतीला वाकला तेव्हा त्यांनी मनगट बाजूला घेतलं आणि चौथ्या खेपेला स्वतःच बसवलं.

"बरं," ते म्हणाले, आणि भाची येईपर्यंत दाराकडे तोंड करून बसून राहिले.

चष्मेवाला त्या दिवशी जेवताना बायकोला म्हणाला, "आज एक चांगलं काम केलं."

"कोणतं?"

"सांगण्यासारखं नाही."

"मग चांगलं कसलं?" ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. बायकांना काही समजत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. तिला सगळ्यात आधी समजलं होतं.

दुसरा रविवार आला आणि मास्तर आले नाहीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. वकिलांनी फोन केला तर भाची म्हणाली, "ताप वगैरे काही नाही हो. नको म्हणतायत." सोमवारी दुकान उघडायच्या आधीच चष्मेवाला मास्तरांच्या घरी गेला. भाचीने दार उघडलं, चहा झाकून ठेवलाय असं सांगितलं आणि ती कामावर गेली. मास्तर खिडकीकडे पाठ करून बसले होते. घड्याळ मनगटावर नव्हतं, समोरच्या तिपाईवर होतं.

"बस," मास्तर म्हणाले. "तुला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस. ही डायल मी रंगवलीय."

चष्मेवाला बसला तो बसलाच.

"पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ. दोन वर्षांत आत पाणी गेलं आणि डायलची पार वाट लागली. टाकवेना. मग मी ती साफ खरवडली, पांढरा रंग दिला आणि एक केसाचा ब्रश घेऊन बसलो. अकरा रविवार लागले. श्वास धरून एक रेघ काढायची, श्वास सोडायचा, पुन्हा धरायचा. जन्मभर मी पोरांना घन आणि सफरचंदं काढायला शिकवली रे. स्वतःचं म्हणावं असं मी एवढंच काढलं. टिकलीएवढं." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून माप दाखवलं, टिकलीपेक्षा थोडं मोठं. "आणि ते कोणाला दाखवता येईना. दाखवलं तर लोक म्हणणार, मास्तरांचं घड्याळ रंगवलेलं आहे."

"म्हणून तो नियम?"

"म्हणून. बैठक सुरू केली आणि पहिल्या दिवशी माझी भीतीने गाळण उडाली. कोणी सगळ्यांसमोर बोललं तर? मग नियमच करून टाकला. पुढे भीती गेली आणि उलटंच व्हायला लागलं. कोणीतरी ओळखावं असं वाटायला लागलं. कोणीतरी म्हणजे तू. तुझ्या हातात घड्याळ दिलं की मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. पण विचारायचा धीर होत नव्हता. ओळखलं नाहीस तर काय, अशी धास्ती. डोळे होते तोवर विचारलं असतं तर दोघांनी मिळून बघितलं असतं. आता डोळे गेले, म्हटलं निदान विचारून तरी टाकू."

चष्मेवाला पुढे सरकला. "मास्तर, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. ज्याने रंगवलंय त्याच्या हाताला तोड नाही, हेही मला तेव्हाच वाटलं होतं."

मास्तर हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"परवा भिंग लावून खात्रीने सांगितलंस, मूळची म्हणून."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोललो ते."

"आणि आज काय, मला चांगलं वाटावं म्हणून? एक तर तू तेव्हा खोटं बोललास, नाहीतर आता बोलतोयस. मी कुठलं धरायचं?"

"आताचं धरा. गळ्याशपथ."

"बरं, मग सांग. कशावरून ओळखलंस?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. पण मास्तर थांबलेच नव्हते. त्यांचा हात तिपाईवरच्या घड्याळाकडे गेला होता आणि अंगठा काचेवरून हळूहळू गोल फिरत होता.

"अरे, ओळखायला काही ठेवलंच नव्हतं मी. साठच्या साठ रेघा. शाळेत पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग होतं, ते लावून मी पुन्हा पुन्हा तपासल्या. एकही हललेली नाही. आता दिसत नाही मला काही, पण त्या रेघा दिसतात. डोळे मिटले की साठही दिसतात. तेव्हा तुला कळलं नाही ह्यात तुझा दोष नाही. पण कळलं होतं असं म्हणू नकोस. ती दया झाली."

आता चष्मेवाल्याकडे पुरावा होता, आणि अख्ख्या जगात तो एकच पुरावा होता. सातच्या पुढची तिसरी रेघ. पायथ्याशी अर्धा केस जाड, ब्रश उचलून पुन्हा टेकवलेला. हे एक वाक्य बोललं की मास्तरांना पटलं असतं. मास्तरांचा विश्वास परत मिळाला असता, आणि त्या बदल्यात त्या म्हाताऱ्याची अडतिसावी रेघ गेली असती. शाळेतल्या भिंगातून न दिसलेली ती चूक आता त्यांना बघायचीही सोय नव्हती. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून ती मिटल्या डोळ्यांपुढे आणायची आणि मरेपर्यंत बघत बसायचं. चष्मेवाल्याला ते वाक्य जिभेच्या टोकावर जाणवत होतं. ते त्याने गिळलं.

"असंच," तो म्हणाला. "वाटलं होतं."

"वाटलं होतं," मास्तर म्हणाले. ते बराच वेळ काचेवर अंगठा फिरवत राहिले. "राग नाही हो माझा. तुझा डोळा मीच उगाच मोठा धरून बसलो होतो. चहा घे, गार होईल."

त्याने चहा घेतला. गार झालेलाच होता. निघताना त्याने वाकून नमस्कार केला, तर मास्तर म्हणाले, "सांभाळून उतर, तिसरी पायरी मोडकी आहे." एकोणीस वर्षं त्या पायरीवरून तो चढला-उतरला होता. आज पहिल्यांदा मास्तरांनी त्याला परक्या पाहुण्यासारखं सांगितलं.

दुकानात आल्यावर तो काउंटरमागे बसून राहिला. एक बाई चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आल्या. त्याने स्क्रू तीनदा पाडला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि कुठेही जाऊन ते कमी करून घेण्यासारखं नव्हतं. पहिल्या दिवशी नुसतं 'कोणी रंगवलं हो हे?' एवढं बोलला असता तर मास्तर खुर्चीवरून उठून नाचले असते. त्या खोलीत तो सगळ्यांत सभ्य माणूस होता, आणि त्याच सभ्यतेने त्याचं वाटोळं केलं होतं.

पुढच्या महिन्यात मास्तर आले. भाचीने हात धरून खुर्चीत बसवलं. घड्याळ काढून त्यांनी हिरव्या कापडावर ठेवलं आणि म्हणाले, "आज मी नियम मोडणार आहे. ह्या घड्याळाचा दोष मीच सांगतो." मग त्यांनी सगळं सांगितलं, पाणी, ब्रश, अकरा रविवार. मंगळवारची गोष्ट मात्र सांगितली नाही. तेवढं मन त्यांनी राखलं.

वकील चक्क दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांनी आपलं घड्याळ बशीत काढून ठेवलं, मास्तरांचं हातात घेतलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "कळलंच नसतं हो." बेकरीवाल्याने खाली जाऊन पुन्हा हात धुतले, येऊन बघितलं आणि तोही म्हणाला, "मला तर सात जन्मांत कळलं नसतं." मास्तरांचा चेहरा उजळला होता. ह्या लोकांना कळलं नसतंच हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी आता त्यांना तेवढंच मिळणार होतं, आणि ते तेवढंच घेत होते.

मग डॉक्टरीणबाईंनी घेतलं. दातांतल्या बारीक भेगा बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी भिंग लावून घड्याळ हळूहळू फिरवलं आणि एका जागी त्या थांबल्या. चष्मेवाल्याला दिसलं कुठे थांबल्या ते. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, त्याने त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं.

"छापलेलीच वाटते, मास्तर," त्या म्हणाल्या.

आता पाळी चष्मेवाल्याची. त्याने आपलं घड्याळ उतरवून बशीत ठेवलं. मग अंगठी काढून ठेवली. बशीवर अंगठीचा टणकन आवाज झाला तशी मास्तरांनी मान तिकडे वळवली.

"आता कोण?"

"मी, मास्तर."

"त्याला राहू द्या," मास्तर अगदी साध्या आवाजात इतरांना म्हणाले. "त्याने बघितलंय."

डॉक्टरीणबाई क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी घड्याळ मास्तरांच्या हातात दिलं. वकिलांनी आपण आणलेलं नवं घड्याळ पिशवीतून काढलं आणि बोलायला सुरुवात केली. चष्मेवाल्याने अंगठी बोटात घातली, घड्याळ मनगटावर बांधलं आणि चहाला उशीर का झाला ते बघायला तो खाली गेला.